हसऱ्या मुलाचा फोटो

मुलांच्या फोटोंबद्दल अण्णा जे जे बोलत, ते सूनबाई गेले आठ दिवस वहीत उतरवून घेत होती, आणि आठ दिवसांत तिची एक खात्री पटली होती. सासऱ्यांना मुलं फारशी आवडत नाहीत. त्यांना मुलांचे चेहरे आवडतात. हे तिनं वहीत लिहिलं नाही, नवऱ्याच्या कानावर मात्र घातलं. नवरा म्हणाला, "हे तुला आत्ता कळलं?" अण्णांना दोन्ही वाक्यं ऐकू गेली. त्यांचे डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते, आणि घरातल्यांना याचा हटकून विसर पडायचा.

स्टुडिओला पन्नास वर्षं होत होती. त्या निमित्तानं थोरल्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, एक पुस्तिका काढायचा घाट घातला होता: अण्णांनी काढलेले मुलांचे निवडक तीस फोटो आणि सोबत अण्णांचा अनुभव. फोटो थोरल्यानं निवडले, अनुभव सूनबाईच्या गळ्यात पडला. तिची तक्रार नव्हती. अण्णा रंगात आले की ऐकत राहावंसं वाटे.

"मुलाला 'हस' म्हणू नये," ते सांगत. "हस म्हटलं की मूल दात दाखवतं. दात बघायचे असतील तर माझ्या धाकटीच्या दवाखान्यात जावं. फोटोवाल्याचं ते काम नाही."

"पुढे?"

"मुलाच्या उंचीला यावं. गुडघे दुखत असतील तर लग्नाचे फोटो काढावेत. आईला बाहेर बसवावं. आई आत असली की मूल आईकडे बघतं आणि आई मुलाच्या भांगाकडे. बापाला बाहेर बसवावं लागत नाही, तो आधीच गेलेला असतो."

सूनबाई हसता हसता लिहीत असे. पण पंधरावं पान आलं की अण्णांची गाडी अडायची. पंधराव्या पानावर तो फोटो होता, आणि मुखपृष्ठावरही तोच. दोन वर्षांचं एक मूल अंग मागे टाकून, डोळे बारीक होईपर्यंत हसतंय, एक हात पुढे आलाय, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही. डावीकडे, खाली, जमिनीवरच्या कशाकडे तरी आहे. या फोटोला बक्षीस मिळालं होतं. पस्तीस वर्षं तो दर्शनी काचेत होता. परगावाहून आईबाप पोरं कडेवर घेऊन यायचे आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, असं हसू आमच्याही बाळाचं हवं. स्टुडिओचं नाव झालं ते या एका फोटोनं.

"हा कसा काढलात ते सांगा ना," सूनबाई रोज विचारायची.

"उद्या सांगतो," अण्णा रोज म्हणायचे.

शेवटी थोरल्यानंच दोन ओळी लिहून टाकल्या. छापखान्याला आज संध्याकाळी पानं द्यायची होती. आणि नेमकी आजच दुपारी धाकटी यायची होती, लेकीला घेऊन, दोन तासांसाठी.

धाकटीला गावात सगळे एका वेगळ्याच नावानं ओळखत. खुळखुळा. तिसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत ती अण्णांच्या कॅमेऱ्याच्या तिवईशी, डाव्या अंगाला, फरशीवर बसायची. फोटोला आलेलं पोर हसेना की अण्णा पुठ्ठ्याची लांब नळी तिच्या डोक्यात मारायचे. नळी पोकळ, आवाज मोठा, लागायचं काही नाही. ती डोळे फिरवून आडवी पडायची. समोरचं पोर खदखदून हसायचं, की अण्णांनी बटण दाबलंच. हा शोध त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तिसऱ्या वर्षी तिला हा खेळ वाटे. आठव्या-नवव्या वर्षी वर्गातल्या मुलींची धाकटी भावंडं फोटोला यायला लागली, आणि वर्गातल्या मुली सोबत यायच्या. तेव्हा तिला काय वाटत होतं, हे अण्णांनी विचारलं नाही. कामाच्या रगाड्यात असं काही विचारायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तोवर ती दातांची डॉक्टर होऊन दुसऱ्या गावी गेली होती.

पाच वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. अण्णा कॅमेरा घेऊन दवाखान्यात गेले. ती पडल्या पडल्या शांतपणे म्हणाली, "अण्णा, कॅमेरा पिशवीत ठेवा. हिचा फोटो तुम्ही काढायचा नाही. बाकी हवं ते करा."

अण्णांनी बाकी हवं ते केलं. नातीला मांडीवर घेतलं, फोनवर तिच्या न संपणाऱ्या गोष्टी ऐकल्या, तिचं नाव बिट्टी पाडलं. पण ज्यानं निम्म्या गावाचं बालपण कागदावर उतरवलं, त्याच्याकडे नातीचा स्वतः काढलेला एकही फोटो नव्हता. डाव्या डोळ्यानं केव्हाच राजीनामा दिला होता. उजवा आणखी सहा महिने साथ देईल, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. अण्णांना कुणाकडून काही नको होतं. बिट्टीचा एक फोटो तेवढा हवा होता. मागायची मात्र त्यांची छाती होत नव्हती.

"आज तो विषय काढू नका," थोरल्यानं सकाळीच बजावलं होतं. "ती येतेय हेच पुष्कळ आहे."

ती आली. चहा झाला. बिट्टी टेबलाखाली बिस्किटं घेऊन बसली, कारण टेबलाखाली तिचं हॉटेल होतं. थोरल्यानं पुस्तिकेची पानं पसरून ठेवली होती. ती लपवायला हवी होती हे त्याच्या ध्यानात आलं तोवर धाकटीनं पंधरावं पान उचललं होतं.

"'मी पक्ष्याचा आवाज काढला आणि बाळ खुदकन हसलं,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "कुठला पक्षी रे, दादा?"

"वाचायला बरं वाटतं, म्हणून लिहिलं."

"छान लिहिलंयस." तिनं पान खाली ठेवलं. "वहिनी, तो पक्षी मी होते."

सूनबाईनं आधी नणंदेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग सासऱ्यांकडे. सासरे कपात बघत होते.

"म्हणजे?"

"जाऊ दे ना," थोरला म्हणाला. "इतक्या वर्षांचं उकरून काय काढायचं?"

"उकरत नाहीये. विचारलं म्हणून सांगतेय." धाकटीच्या आवाजात राग नव्हता. दवाखान्यात पेशंटला समजावून सांगताना असतो तसा तो आवाज होता. "हे मूल तिसऱ्यांदा फोटोला आलं होतं. दोनदा रडून गेलेलं. अण्णांनी नळी मारली, ते हसेना. पुन्हा मारली, हसेना. उजेड जायला लागला होता. मग अण्णांनी जोरात मारली, मी कलंडले आणि दिव्याच्या लोखंडी स्टँडवर आपटले. इथे." तिनं डाव्या भुवईवर बोट ठेवलं. भुवई मध्येच तुटलेली होती. "तीन टाके. स्टँड पण पडला. त्या आवाजाला ते मूल हसलं. तो हा फोटो."

"ही खूण सायकलवरून पडल्याची आहे ना?" सूनबाई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. लग्न झालं त्याच वर्षी." ती नवऱ्याकडे वळली. "बावीस वर्षं मी या फोटोवरची धूळ पुसतेय."

थोरला एका बिस्किटाचे बारीक बारीक तुकडे करत होता. खालून हात आला आणि त्यातले दोन घेऊन गेला.

"मग हा मुखपृष्ठावर नको," सूनबाई म्हणाली. आठ दिवस ती नवऱ्याच्या बाजूनं राबत होती; एका कपभर चहात तिनं बाजू बदलली होती. "आतही नको."

"नको काय, नको? हा नसेल तर पुस्तिका कशाला काढायची? लोक दुसरा कुठला फोटो ओळखतात?"

"लोकांना काय माहीत?"

"तेच म्हणतोय मी, लोकांना काय माहीत?"

"छापा," धाकटी दोघांना थांबवत म्हणाली. "छाप, दादा. पक्षी तेवढा काढ आणि खरं ते लिही."

"खरं काय लिहू? बहिणीला तीन टाके पडले म्हणून?"

"लिही की. अण्णांचं डोकं काचेत होतं, त्यांना दिसलं नाही. चूक झाली. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

अण्णांनी कप बशीत ठेवला. डोकं काचेत होतं. हे शब्द त्यांच्या बायकोचे होते. जुना पेटीसारखा कॅमेरा तिवईवर पोटाच्या उंचीला लावून वरून खाली त्याच्या काचेत बघावं लागे. एकदा मान खाली घातली की आजूबाजूचं काही दिसत नसे. त्या संध्याकाळी टाके घालून पोरीला घरी आणल्यावर बायकोनं तिला कुशीत घेऊन सांगितलं होतं, "त्यांना दिसलं नाही गं राणी. डोकं काचेत होतं त्यांचं." दाराशी उभ्या अण्णांनी ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी नळी अडगळीत गेली आणि खुळखुळा पुन्हा कधी तिवईशी बसला नाही. खरं तर सूनबाईच्या वहीतले सगळे नियम त्यानंतरचे. थांबणं, गप्प बसणं, उंचीला येणं, हे सगळं अण्णा नंतर शिकले. त्याआधी त्यांना नियमांची गरजच पडली नव्हती.

"गेल्या महिन्यात एक झालं," धाकटी आता अण्णांकडे बघून बोलत होती. "एक सात वर्षांची मुलगी होती. मी मुलांना आधी सांगते, दुखेल, एवढं एवढं दुखेल. तिलाही सांगितलं होतं. दात काढत होते. आरशात बघून काम असतं आमचं, तो एवढासा आरसा. झाल्यावर तिची आई म्हणाली, डॉक्टर, ती केव्हाची हात वर करत होती. दुखलं तर हात वर कर, असं मीच तिला सांगितलेलं. मला दिसलाच नाही हात. खोटं नाही सांगत, अण्णा, खरंच दिसला नाही. घरी जाऊन मी रडले. आणि मग मला तुम्ही आठवलात."

धाकटीनं पंधरावं पान अण्णांच्या दिशेनं सरकवलं.

"मी इतकी वर्षं तुमच्याबद्दल वाईट विचार केला. आई सांगायची, तर वाटायचं, आई काय, बाजू घेणारच. पण होतं असं. माणूस कामात असतो आणि दिसत नाही." तिनं खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. "बिट्टे, आजोबांकडून फोटो काढून घ्यायचा का?"

"हॉटेल बंद करावं लागेल," बिट्टी म्हणाली.

"कर थोडा वेळ."

अण्णा उठले. गुडघे दुखतात हे ते विसरले. आनंद त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होता. पाच वर्षं वाट बघितली होती, आणि न मागता मिळत होतं. खाली स्टुडिओत जाताना जिन्यावर मात्र त्यांनी दोनदा कठडा धरला, आणि दोन्ही वेळा कारण गुडघे नव्हते.

थोरला आता शेजारच्या खोलीत नव्या कॅमेऱ्यावर काम करायचा. मोठ्या खिडकीची जुनी खोली अण्णांची होती. त्यांनी पडदा अर्धा ओढला, बुटकं स्टूल खिडकीच्या बाजूला तिरकं ठेवलं, समोर आपलं त्याहून बुटकं स्टूल ओढलं. पेटी कॅमेऱ्यात रोल होता. तो त्यांनी गेल्याच महिन्यात भरून ठेवला होता. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"एकच अट," दाराशी उभी राहून धाकटी म्हणाली. "हसवायचं नाही तिला."

"नाही हसवत."

बिट्टी स्टुलावर बसली. पाय फरशीला टेकत नव्हते. अण्णांनी काही विचारलं नाही, काही म्हटलं नाही, नुसते समोर बसून राहिले. मुलाला आधी कंटाळू द्यावं. कंटाळलं की ते मनानं आपल्या घरी जातं, आणि मग खरं तोंड दिसतं. हे त्यांनी वहीत सांगितलेलं होतं. बिट्टी पाय हलवत बसली. मग तिला आपलं हॉटेल आठवलं.

"आमच्याकडे आज फक्त बिस्किटाचे तुकडे आहेत," ती म्हणाली. "अख्खं बिस्किट उद्या."

"उद्या येईन मग."

"उद्या सुट्टी आहे."

आणि ती आपल्याच बोलण्यावर हसली. मोठ्यानं नाही. ओठ मिटलेले, डोळे मात्र पुरते हसणारे, खिडकीचा उजेड एका गालावर. अण्णांनी काचेत पाहिलं. उजव्या डोळ्यानं आज कुरकुर केली नाही. असा चेहरा पन्नास वर्षांत दहा-बारा वेळा समोर आला असेल. त्यांनी कडा नीट जुळवल्या. बोट बटणावर गेलं.

"त्या दिवशीही तुम्ही असेच होतात," मागून धाकटी म्हणाली. आवाज मऊ होता. ती केव्हा जवळ आली ते त्यांना कळलं नव्हतं. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. कित्येक वर्षांनी होता. "अशी मान खाली घालून. आता बघितल्यावर पटतं. तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही आधी मला उचललं असतंत."

अण्णांनी काही बोलायची गरज नव्हती. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेही न म्हणता बोट खाली दाबलं असतं तरी पुरलं असतं. काचेत बिट्टी अजून तशीच होती.

त्यांनी बोट काढलं.

"दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"स्टँडचा आवाज झाला तेव्हा मी मान वर केली होती." ते मागे वळले नाहीत. वळून सांगायचा धीर त्यांच्यात नव्हता. "तुला पाहिलं. रक्त पाहिलं. तू रडत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. तेवढ्यात ते पोर हसलं. मी परत खाली वाकलो आणि फोटो घेतला. मग तुला उचललं."

खांद्यावरचा हात तसाच होता, पण त्यातलं वजन गेलं होतं.

"लगेच उचललंत?"

"नाही."

"मग?"

"एक घेतला. मग रोल पुढे फिरवला आणि आणखी एक घेतला. पहिला हलला होता. दर्शनी काचेत लावला तो दुसरा."

हात खांद्यावरून निघाला.

शेजारच्या खोलीतून थोरल्याच्या प्रिंटरची घरघर येत होती. बिट्टीनं एका पायातला बूट काढला आणि पुन्हा घातला.

"आईला माहीत होतं?"

"तिनं मला विचारलं नाही कधी. ती म्हणाली डोकं काचेत होतं. मी नाही म्हणालो नाही."

"पस्तीस वर्षं."

"हो."

"मग आज कशाला सांगितलंत?" तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मी आपण होऊन आले होते, अण्णा. पोरीला तुमच्यासमोर बसवलं होतं. आणखी काय हवं होतं तुम्हाला?"

अण्णांना हवं होतं ते समोर स्टुलावर बसलं होतं. त्यांनी पेटीचं झाकण मिटलं.

"त्या मुलीचा हात तुला दिसला नव्हता," ते म्हणाले. "म्हणून तू घरी जाऊन रडलीस. मी त्या रात्री फिल्म धुतली, ओली असतानाच उजेडापुढे धरली, आणि मला आनंद झाला होता. तू मला तुझ्यासारखं समजत होतीस. ते खरं नाही."

पुढे होऊन तिनं बिट्टीला स्टुलावरून उतरवलं. उतरवताना तिनं लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि भुवईवरून अंगठा फिरवला, काही नसलेल्या जागी. अण्णांनी ते पाहिलं.

"हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधी कळलं नसतं," ती दारातून म्हणाली.

"माहीत आहे."

"मला वेळ लागेल."

"लाग..." अण्णा म्हणायला गेले, पण डोळ्याचा सहा महिन्यांचा हिशेब त्यांना आठवला, आणि तो तिला सांगायचा नाही एवढं त्यांनी त्या क्षणी ठरवून टाकलं. "लागू दे," ते म्हणाले.

बिट्टीनं जाता जाता हात हलवला. जिन्यावर पावलं वाजली, वर सूनबाईचं "अगं, एवढ्यात?" ऐकू आलं, मग बाहेरचं दार, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. अण्णा बुटक्या स्टुलावर बसून होते. समोरचं रिकामं स्टूल अजून तिरकंच होतं आणि उजेड आणखी पाव तास तरी टिकला असता.

थोरला हातातला कागद वाळवत आत आला. त्यानं बहीण कुठे दिसते का पाहिलं, मग मिटलेला कॅमेरा पाहिला.

"गेली पण? फोटो झाला ना?"

"नाही झाला."

"का? बिट्टी हसेना का?"

"हसत होती," अण्णा म्हणाले.